दसऱ्याचं ग्राफिक्स कार्ड

माझ्या नाकावर राग असतो, हे मला कुणी सांगायची गरज नाही. त्या रागापायीच मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसातली बरी चाललेली नोकरी एका दुपारी सोडून आले. एका बंगल्याचा प्लॅन मी पूर्ण मांडला होता, जिन्याची अडचण मीच सोडवली होती. गिऱ्हाइकानं कौतुकानं माझ्याकडे बघितलं, तर साहेब हसून म्हणाले, "ही? ही फक्त रेघा ओढते." मी पर्स उचलली आणि निघाले. दारातून बाहेर पडताना मागून आवाज आला, "येईल परत. जाते कुठं?"

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी आले तेव्हा सासूबाई गहू निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पगार तर वेळेवर देत होता ना?" त्यांचं माहेर आणि सासर, दोन्ही घराणी कारकुनांची. निजामाच्या कचेरीपासून घरातलं कुणी ना कुणी खुर्चीवर बसलेलं. त्यामुळे आपणहून खुर्ची सोडणारी सून त्यांना वेडीच वाटत असणार, हे मी धरून चालले. नवरा वाळूजला कंपनीत, कायम शिफ्टच्या चक्रात. तो म्हणाला, "बघ, तुला जमेल तसं." याचा अर्थ काय, ते मला अजून कळलेलं नाही.

ती वर्षं दुष्काळाची होती. नळाचा दिवस ठरलेला नसायचा, आणि पाणी आलं की हातातलं सगळं टाकून बादल्या, पिंपं, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा भरून ठेवायची. पाणी आटत चाललं होतं आणि शहर मात्र फुगत चाललं होतं. खेड्यांतून माणसं इकडं येत होती आणि चिकलठाण्याच्या पुढं, जिथं नुसतं माळरान होतं, तिथं चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पडत होते. अशाच एका माळावर रो-हाऊस बांधायला निघालेला एक माणूस ओळखीतून माझ्याकडे आला. घराणं मेंढपाळांचं, जमीन आजोबांची.

"इथं आमची मेंढरं चरायची, म्याडम," तो म्हणाला. "आता माणसं ऱ्हायला येनार. मला त्या घरांची रंगीत चित्रं पायजेत, थ्रीडीमधली. बघनाऱ्यानं म्हनलं पायजे, व्हय, हेच आपलं घर. म्होरं लॉन दाखवा, एक कारंजं दाखवा. रविवारी भूमिपूजन हाय, त्याच्या आदी बोर्ड लागला पायजे."

मी "हो" म्हणून बसले. माझं स्वतःचं असं हे पहिलं काम. ते जमलं तर त्याची पुढची कामंही माझीच होती. नाही जमलं, तर साहेबांचं "येईल परत" खरं करायला मला त्याच जिन्यानं वर चढावं लागणार होतं. घर नुसत्या एका पगारावर फार दिवस ओढता येत नव्हतं, हे घरातल्या तिघांनाही माहीत होतं.

अडचण आमच्या कॉम्प्युटरची होती. नवऱ्यानं लग्नाआधी घेतलेला तो डबा साध्या रेघांपुरता ठीक होता, पण थ्रीडीचा प्रोग्राम उघडला की तिथंच धापा टाकत बसायचा. नवा घेणं शक्य नव्हतं. पैठण गेटजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडं वापरलेलं ग्राफिक्स कार्ड मिळतं असं कळलं. त्यानं फोनवर सांगितलं, "आधी डब्बा खोलके अंदर का स्लॉट देखो भाभी, मोबाईल में फोटो निकालके लाओ." मी दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याचं झाकण काढलं, धूळ झटकली, कार्ड बसवायची लांबट खाच दिसली, तिचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी दुकान बंद, म्हणून डबा तसाच उघडा टेबलाखाली राहिला.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. हत्यारं म्हणजे नवऱ्याचे पाने-पक्कड, विळी, शिलाई मशीन, आणि माझ्या नोकरीपासून कॉम्प्युटरही. सासूबाई तबक घेऊन टेबलाखाली वाकल्या. "उघडाच आहे, बरं झालं," त्या म्हणाल्या. "दर वर्षी नुसत्या पत्र्याची पूजा होते. काम करतंय ते सगळं आत." आणि त्यांनी हळदीकुंकू, आपट्याचं पान, सगळं भक्तिभावानं आतल्या यंत्राला वाहिलं. मी स्वयंपाकघरातून हसून बघत होते.

दुसऱ्या दिवशी कार्ड आणलं, खाचेत बसवलं. त्याच्या कडेचा स्क्रू जरा तिरका गेला. जुना पत्रा, वाकला असेल, म्हणून मी जोर लावून तो पिळला. पडद्यावर चित्र आलं, पण अक्षरं बोटाएवढी जाड. कार्डाची आणि विंडोजची नीट ओळख करून देणारं सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, टाकल्याशिवाय असंच दिसणार हे मला ठाऊक होतं. सोबत मिळालेली सीडी घातली, ड्रायव्हर टाकला, कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पडदा काळा.

मग सुरू झाला माझा आणि त्या ड्रायव्हरचा संसार. सेफ मोडमध्ये शिरायचं, ड्रायव्हर काढायचा, दुसरा टाकायचा. एक टाकला तर पडदा काळा, दुसरा टाकला तर निळा, तिसरा टाकला तर चित्र यायचं आणि हलायला लागलं की "ड्रायव्हरनं काम थांबवलं आहे" अशी पाटी. यंत्राच्या यादीत कार्डाच्या नावापुढं पिवळा त्रिकोण ठाण मांडून बसलेला. इंटरनेटवर जगभरची माणसं आपापले त्रिकोण घेऊन रडत होती आणि प्रत्येकाला कुणीतरी वेगळंच औषध सांगत होतं. मी सगळी औषधं दिली. नवीन आवृत्ती उतरवून घ्यावी तर डोंगलला वेग नाही, आणि उतरत आली की वीज जायची. एकदा तर शेवटचा तुकडा उतरत होता आणि सासूबाई ओरडल्या, "अगं, पाणी आलं!" आम्ही दोघी पिंपांकडं धावलो. भरून परत आले तोवर डोंगलचं नेट तुटलेलं. त्या दिवशी मी त्या डब्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही.

"एवढं चिडून ते ऐकणार आहे का?" सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही मध्ये बोलू नका, आई," मी म्हणाले. त्यांनी देवापुढं जाऊन निरांजन लावलं. त्याचाही मला राग आला.

शनिवारी सकाळी कार्ड उपटून पिशवीत घातलं आणि भांडायच्या तयारीनं दुकान गाठलं. दुरुस्तीवाल्यानं ते स्वतःच्या मशीनमध्ये लावलं. पडद्यावर गाड्यांची शर्यत धडाधड पळायला लागली.

"मेरे इधर तो मक्खन चल रहा. कायकू टेन्शन लेते, भाभी?" तो म्हणाला. "आपका मशीन बुढ्ढा हो गया, और क्या."

भांडायलाही काही उरलं नाही. रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. कार्ड चांगलं, ड्रायव्हर सगळे टाकून झालेले, म्हणजे दोष आमच्याच डब्याचा, आणि त्याच्यावर औषध नाही. सोमवारी साहेबांना काय तोंडानं भेटायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागले. एकही वाक्य तोंडातून निघेल असं वाटत नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंना म्हणाले, "नाही होत. बिल्डरला नाही म्हणून कळवते, आणि साहेबांनाही फोन करते."

"आधी चहा घे," त्या म्हणाल्या. "फोन कुठं पळून जात नाही."

त्या चहा टाकायला गेल्या. निदान झाकण तरी लावून टाकावं, म्हणून मी डबा ओढून गॅलरीत आणला. आमच्या घरात धूळ साचलेल्या वस्तूवर झाकण घालत नाहीत, आधी पुसतात, म्हणून फडकं घेतलं. दुपारचं ऊन तिरपं होऊन थेट आत पडलं होतं. पुसताना त्या लांबट खाचेच्या अगदी टोकाशी, खोल, काहीतरी लाल दिसलं. आतलाच एखादा भाग असेल असं आधी वाटलं. मग केसातली पिन काढून टोकरलं तर तो लाल भाग टुणकन उडून माझ्या मांडीवर पडला. तांदळाचा दाणा. कुंकवानं माखलेला.

क्षणभर मला काही समजेना, आणि मग सगळं एकदम समजलं. तो तिरका स्क्रू, अर्धवट बसलेलं कार्ड, पिवळा त्रिकोण. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. मी जगभरातले ड्रायव्हर पालथे घातले आणि कार्डाच्या बुडाशी सासूबाईंची अक्षता बसली होती.

संताप असा चढला की दाणा तळहातावर घेऊन मी तडक स्वयंपाकघरात गेले. "आई, हे काय आहे?"

त्यांनी चष्मा वर करून बघितलं. "अक्षता."

"कुठं सापडली माहितीय?"

माझ्या तोंडाकडं बघूनच त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला. गॅस बंद करायचंही भान राहिलं नाही. "अगं बाई, मीच वाहिली होती. त्या खाचेत देव आहे असं समजून," त्या पुटपुटल्या. "मी म्हटलं होतं, पोरीला त्या माणसाच्या दारात परत उभं राहायला लावू नकोस. एवढंच मागितलं होतं. आणि मीच..."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला. इतके दिवस मी समजत होते की या बाई साहेबांच्या बाजूनं आहेत, आणि या तर माझ्यासाठी देवाला साकडं घालत होत्या! राग कुठं गेला कुणास ठाऊक. मला हसू फुटलं, आणि हसता हसता मी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. "वेड्या आहात तुम्ही," एवढंच म्हणता आलं.

"आता चालेल का गं?" त्यांनी घाबरत विचारलं.

"चला, बघू."

कार्ड खाचेत धरून दाबलं. टक असा आवाज आला. तो आवाज मी आधी ऐकलाच नव्हता, हे मला तेव्हा कळलं. स्क्रू सरळ गेला. आधीच्या सगळ्या ड्रायव्हरांची उष्टी-खरकटी साफ केली आणि सीडीवरचा मूळचा जुना ड्रायव्हर टाकला. कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. सासूबाई माझ्या खुर्चीची पाठ घट्ट धरून उभ्या होत्या. पडद्यानं एकदा डोळा मिचकावला आणि अक्षरं बारीक, स्वच्छ, रेखीव झाली. त्रिकोण गेला होता. माझा जीव भांड्यात पडला. सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला, आणि वीज जायच्या आत काम उरकायला मला बजावलं.

त्या दिवशी वीज गेली नाही. संध्याकाळपर्यंत माळावरची घरं पडद्यावर उभी राहिली आणि मी त्यांच्या भोवती माऊसनं गरागरा फिरले. सासूबाईंनी हिरवंगार लॉन आणि कारंजं निरखून बघितलं. "इथं प्यायला नाही, आणि यांना उडवायला कुठून येणार?" त्या म्हणाल्या. प्रश्न बरोबर होता. मी कारंजं काढलं, त्या जागी एक कडुनिंब लावला आणि प्रत्येक गच्चीवर पाण्याची मोठी टाकी बसवली. बिल्डर आधी कुरकुरला. मग टाक्यांकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. लोक आदी पानीच इचारत्यात." रविवारी बोर्ड लागला. साहेबांना फोन करायची वेळ पुन्हा कधीच आली नाही.

पुढच्या दसऱ्याला मीच डब्याचं झाकण काढलं. आतली खाच आता कार्डानं नीट भरलेली होती. मी म्हणाले, "या आई, वाहा आत. आता काही अडकत नाही."

सासूबाईंनी तबक आणलं, आत वाकून बघितलं, अक्षता चिमटीत घेतल्या आणि तशाच थांबल्या. मग त्यांनी झाकण माझ्या हातात दिलं. "लाव ते," त्या म्हणाल्या आणि अक्षता माझ्या डोक्यावर टाकल्या. "रेघा काय तो डबा ओढतो? तू ओढतेस."