भोपळा कोणी उचलला

अमेरिकेतल्या एडिसन गावी एका कॉलनीत एक डायनासोर भोपळाचोर म्हणून प्रसिद्ध झाला होता. तो माझा नातू. तेव्हा वय वर्षं सहा. त्याची आता नोकरी सुरू झाली आहे, म्हणून तरी खरं काय घडलं ते सांगून टाकावं.

आम्ही दोघं तेव्हा मुलाकडे सहा महिने राहायला गेलो होतो. त्या वर्षी हॅलोवीन आणि दिवाळी लागूनच आले. आमच्या दारात आकाशकंदील लागला, तर समोरच्या दारात सांगाडा लटकत होता. मुलगा आणि सूनबाई दोघंही ऑफिसातून उशिरा येणार, म्हणून मुलांबरोबर कँडी मागत दारोदार फिरायचं काम माझ्याकडे आलं. नातू हिरवा डायनासोर झाला होता, मागे हे एवढं शेपूट. नात नऊ वर्षांची. ती चेटकीण. मी आपला काळ्या ओव्हरकोटात, कानटोपी घालून. एका गोऱ्या बाईंनी मलाही वेषांतराबद्दल शाबासकी दिली.

चालता चालता मी नातीला विचारलं, "हे तुम्ही दारात ओरडता, त्याचा अर्थ काय गं?"

"आबा, कँडी द्या, नाहीतर आम्ही ट्रिक करणार, म्हणजे खोडी."

"आणि दारच उघडलं नाही तर?"

"देन वी कॅन डू अ ट्रिक!"

मी तीस वर्षं शाळेत नोकरी केली, शेवटची आठ मुख्याध्यापक म्हणून. नियम म्हणजे नियम. कोपऱ्यावरच्या घरी मुलांनी तीनदा बेल वाजवली. आत अंधार. पायरीवर मात्र एक भोपळा होता. कोरलेला नव्हता, चांगला घट्ट, केशरी. दारोदार असे भोपळे कुजताना पाहून माझा जीव आधीच तळमळत होता. या एवढ्या भोपळ्यात घरादाराला पुरतील एवढे घारगे होतात!

"मग करा ट्रिक," मी म्हणालो. "उचला तो."

मुलं खिदळत पायरी चढली. पण भोपळा त्यांना हलेना. नातू मागे सरकला, स्वतःच्याच शेपटावर बसला. मग मीच गेलो, वाकलो, भोपळा उचलला आणि कोटाच्या आत घातला. घरी जाताना पोट धरून मी असा काही डुलत चाललो की दोघं हसून हसून रस्त्यावर बसली.

दारात शिरताना मी म्हणालो, "हे आपलं गुपित हं. कोणाला सांगायचं नाही."

"प्रॉमिस," नात म्हणाली. नातवानंही मान डोलावली.

बायकोला मी सांगितलं, एकानं दिला. तिनं भोपळा किसला, पाणी फार सुटलं म्हणून कुरकुरली, गूळ-कणीक वाढवली आणि डबाभर घारगे तळले. ते शनिवारी क्लबहाउसमधल्या दिवाळीच्या कार्यक्रमाला न्यायचे ठरले.

कॉलनीत पंचवीसेक मराठी घरं होती आणि त्यांच्या मंडळाच्या एक अध्यक्षीणबाई होत्या. कोपऱ्यावरचं घर त्यांचं, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. जेवणं चालू असताना त्यांनी माइक हातात घेतला.

"एक वाईट गोष्ट सांगायची आहे. हॅलोवीनला माझ्या दारातून भोपळा चोरीला गेला. कँडी संपली म्हणून मी लाइट घालवून बसले होते, पण खिडकीतून मला दिसलं. नाव घेत नाही. फक्त डायनासोरच्या आईवडिलांनी लक्ष घालावं."

सगळा हॉल हसला आणि सगळ्यांच्या माना आमच्या टेबलाकडे वळल्या. त्या कॉलनीत डायनासोर एकच होता. कोणीतरी म्हणालं, "यार, शेपटीनं घात केला!" सूनबाईंचा चेहरा उतरला; मुलांनी माझा डोळा चुकवून हे केलं, असंच त्यांना वाटलं. त्यांनी दोघांचे हात धरले आणि पुढे नेलं.

"सॉरी म्हणा."

"सॉरी मावशी," नात म्हणाली. नातू रडत होता. नातीनं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात घारगा होता.

एवढ्यावर भागलं असतं, तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण अध्यक्षीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "काका, तुम्ही मुख्याध्यापक होतात ना? तुम्हीच दोन शब्द सांगा मुलांना."

आणि मी उठलो. घास गिळला, माइक घेतला आणि प्रामाणिकपणावर बोललो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नये, चूक झाली तर ताबडतोब कबूल करावी, वगैरे. एक सुभाषितही म्हटलं, अर्थासकट. बोलायची सवय वाईट असते, ओघात मी चांगलंच बोललो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासमोर हातभर अंतरावर ती दोन पोरं उभी होती आणि दोघांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही.

जागेवर परत आलो तेव्हा अध्यक्षीणबाई बायकोला म्हणत होत्या, "काकू, घारगे काय झालेत हो! रेसिपी द्याच."

घरी परतताना बायकोनं विचारलं, "अहो, भोपळा नक्की कोणी दिला?"

"दिला एकानं."

"हं," ती म्हणाली. पुढे किती सुचवलं, तरी तिनं पुन्हा घारगे केले नाहीत.

मला चैन पडेना. सोमवारी सगळे ऑफिसला गेल्यावर मी दुकानातून तसाच एक भोपळा आणला आणि कोपऱ्यावरच्या पायरीवर ठेवून आलो. वाटलं, फिटलं. संध्याकाळी मंडळाच्या सगळ्या घरांना अध्यक्षीणबाईंची ईमेल: मुलांना उपरती झाली, भोपळा परत आला, आपले संस्कार अजून जागे आहेत. म्हणजे चोरीवर शिक्कामोर्तबच झालं. शाळेच्या बसमध्ये नातवाला मुलं 'पम्पकिन थीफ' म्हणू लागली, आणि ते नाव दुसऱ्या वर्षापर्यंत टिकलं. पुढच्या हॅलोवीनला आम्ही इथे भारतात परत आलो होतो. फोनवर कळलं, नात कुठे गेलीच नाही. दारात कँडीचं भांडं घेऊन बसली आणि येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होती, "घ्या, हवं तेवढं घ्या."

मागच्या दिवाळीत तिचा फोन आला. मी म्हटलं, "ती भोपळ्याची गोष्ट मी लिहून काढणार आहे."

ती म्हणाली, "आबा, डोन्ट. आम्ही प्रॉमिस केलं होतं."

"ते तुम्ही केलं होतं गं. मी कुठे केलं होतं?"

"तरी पण," ती म्हणाली. "लोक तुम्हाला काय म्हणतील?"

नऊ वर्षांची असताना तिनं जे सांभाळलं, ते ती अजून सांभाळत होती. माझं भाषण तिला शब्दन्‌शब्द आठवत होतं. सुभाषितसुद्धा तिनं म्हणून दाखवलं, एका ठिकाणी चुकली. मी दुरुस्त करणार होतो, पण गप्प बसलो.

अध्यक्षीणबाई आता दुसऱ्या राज्यात राहायला गेल्या आहेत असं ऐकतो. हे त्यांच्यापर्यंत पोचावं. बाई, तुमचा भोपळा मी उचलला. खिडकीतून शेपूट दिसलं तुम्हाला, पण कुंपणापाशी अंधारात काळ्या कोटात एक म्हातारा होता, पोटुशी बाई चालते तसा चालत निघालेला. पोरांनी मला शेवटपर्यंत दाखवून दिलं नाही. आणि घारगे त्याच भोपळ्याचे होते.