अर्धं डोकं

२०२२ साली मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा दुसरीतच सुटली, पण बोईसरात माझ्या कात्रीला मान होता. कारखान्यातली, तारापूरच्या कॉलनीतली, कितीतरी डोकी या हाताखालून गेली.

सोमवारी दुकान बंद. त्या दिवशी मी पाम गावाजवळच्या एका बालगृहात मुलांचे केस कापायला जायचो. घरात मार खाल्लेली, उपाशी ठेवलेली पोरं तिथं राहतात. एक आठ-नऊ वर्षांचा पोरगा नवा आला होता. केस मानेवर रुळणारे, आत उवांनी झालेल्या जखमा. मी सवयीनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला नि मान खाली दाबली. तो किंचाळला आणि खुर्चीसकट कोसळला.

तिथल्या ताई धावत आल्या. "काका, घरी त्याला केसाला धरूनच मारायचे. हात लावण्याआधी विचारायचं."

"पन्नास वर्षं कुणाला विचारलं नाय. आता या चिमुरड्याला विचारू?"

"मग राहू द्या त्याचे. जबरदस्ती आम्ही करत नाही."

राग आला. पण केस निघाल्याशिवाय जखमांना औषध लागणार नव्हतं, तेही दिसत होतं. पुढच्या सोमवारी त्याच्यासमोर खाली फरशीवर बसलो.

"कापू का रे?"

"नाय."

त्याच्या पुढच्या सोमवारीही नाय. बाकीची पोरं ओरडली, "आजोबा फेल!"

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, "हात नाय लावायचा. नुसती कात्री."

म्हणजे कंगवाही नाही. डावा हात पाठीमागे नेऊन कमरेत खोचला. एक बट, विचारलं. "हां." दुसरी बट, विचारलं. "हां." उजवी बाजू झाली आणि पोरगा उठला.

"बास. बाकीचं उद्या."

अर्धं डोकं, तेही खाचा पडलेलं! "अरे, बस पाच मिनिटं. माझी अब्रू जाईल!"

"उद्या बोललो ना."

मी कात्री पिशवीत ठेवली. मोकळ्या बाजूला त्यानं औषध लावून घेतलं, तसाच पंगतीत बसला आणि वरणभात दोनदा मागून घेतला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी मंगळवार, गिऱ्हाइकांचा. दुकान न उघडता सकाळीच रिक्षानं पामला गेलो, त्याच्यासमोर बसलो आणि पुन्हा विचारलं, "कापू का रे?"