हळदीच्या मांडवात अख्खा अल्बम

तिसरं गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या एक आजी मला म्हणाल्या, "लाइट गेली काय रं?"

लाइट होती. माझे दोन्ही स्पीकर चालू होते, मिक्सरवरच्या हिरव्या पट्ट्या नाचत होत्या. मांडवात नाचणाऱ्या तेवढ्याच होत्या. गाण्याची सुरुवातच तशी होती. बराच वेळ नुसती घूं घूं, मग गिटारची एक तार, मग पुन्हा घूं घूं. "लाइट आहे, आजी. हे गाणं आहे," मी सांगितलं. आजींना ते पटलं नाही. त्यांनी वर पंख्याकडे बघून खात्री करून घेतली.

मी रेवदंड्यात साउंडचा धंदा करतो. लग्न, हळद, पालखी, प्रचारसभा, क्रिकेटच्या टुर्नामेंट, जे येईल ते. आयुष्यात मी फार वाईट गाणी फार मोठ्या आवाजात वाजवली आहेत आणि त्यापायी माझी झोप कधी उडालेली नाही. पण कोळीवाड्यातली हळद आणि एकही बाई नाचत नाही, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

हळद मयूरची होती. दामू नाखवाचा एकुलता एक मुलगा. नाखवा म्हणजे होडीचा मालक. मुलगा काही होडीवर गेला नाही, नवी मुंबईत एका कंपनीत लॅपटॉपवर बसतो. तिथे त्याला इंडी रॉक लागलं. दारू लागते तसं. इंडी म्हणजे काय, हे त्यानेच मला समजावलं होतं. पाठीशी मोठी कंपनी नाही, स्वतःच्या जोरावर गाणी काढायची, ते इंडी. मी म्हटलं, मग आमचे बेंजोवालेही इंडीच की. त्याला ते आवडलं नाही.

लग्नाच्या आधी तो दुकानात आला तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

"काका, प्लेलिस्ट नाही. अल्बम. पहिल्यापासून शेवटपर्यंत. स्किप नाही, शफल नाही."

"हळदीत?"

"हळदीतच. एरवी एवढी माणसं एका जागी कुठे मिळतात?"

नवे अल्बम म्हणे शुक्रवारी येतात. त्यामुळे गुरुवारी हा नीट जेवत नाही, असं त्याची आई सांगायची. "आयुष्य बदलून टाकणारा अल्बम आहे, काका," तो म्हणाला. आदल्या शुक्रवारच्या अल्बमनेही बदललं होतं. दर आठवड्याला याचं आयुष्य बदलायचं आणि हा होता तिथेच असायचा, फक्त हेडफोन महाग होत गेले. पण हा अल्बम खास. त्या बँडचा गिटारवाला करण याच्या ओळखीचा झाला होता आणि तो स्वतः हळदीला येणार होता. आता प्रत्यक्ष देव येणार म्हटल्यावर आरती दुसऱ्या कोणाची लावणार?

"आणि हिराआत्याचा माईक?" मी विचारलं.

हिराआत्या ही दामू नाखवाची धाकटी बहीण. धवलारीण. म्हणजे हळदीला आणि लग्नाला धवले, ती विधीची जुनी गाणी, म्हणणारी बाई. कोळीवाड्यात तिच्या आवाजाशिवाय कोणाला हळद लागलेली नाही. तिला स्वतःचं मूल नाही. मयूरची आई पाटी घेऊन मासळी विकायला जायची तेव्हा पोराला आत्यानेच सांभाळलं. ती आठवडाभर आधी माझ्याकडे येऊन गेली होती.

"वसंता, दुसऱ्यांचे हलदीला जलमभर बिनमाईकची गायले. माझे मयूरचे हलदीला मना माईक दे. नवा धवला बांधलाय त्याचेसाठी."

मयूरने मात्र तोंड कसनुसं केलं. "नको, काका. ऑफिसची माणसं येणार आहेत. आत्याचं ते फार लाउड होतं. व्हाइब जाते."

त्याच्या लाडक्या अल्बममध्ये सातव्या गाण्यात एक मुलगा सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोंब मारतो. पण ती बोंब इंग्रजीत होती.

आमच्या धंद्यात ज्याचं बुकिंग, त्याचं ऐकायचं. मी आत्याला निरोप सांगितला. ती "बरा" म्हणाली आणि पदराने चष्मा पुसत बसली. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण बुकिंग ते बुकिंग.

तर हळदीच्या दिवशी चौथं गाणं चालू होतं. मयूर पाटावर बसून डोळे मिटून मान हलवत होता. शेजारी ऑफिसचे मित्र, त्यांचेही डोळे मिटलेले. हे संगीत नाचायचं नसून सोसायचं असतं, असं माझं मत होत चाललं होतं. बायका एकेक करून उठायला लागल्या. मला वाटलं, पाणी प्यायला जातायत. पाचवं गाणं संपेपर्यंत मांडवात खुर्च्याच राहिल्या.

दामू नाखवा माझ्याकडे आला. "वसंता, ह्याचं संपनार कवा?"

"अजून अर्धं आहे."

"मान्सं समदी गेली मागं. पोराला हलद कोन लावनार, तुझा स्पीकर?"

मी घराच्या मागे जाऊन बघितलं. तिथे परसात उखळ मांडलं होतं. इथे नवरदेवाची हळद पुडीतली चालत नाही. हळकुंडं उखळात कांडायची, आणि कांडताना धवला म्हणायचा. अख्खा कोळीवाडा त्या उखळाभोवती जमला होता. मुसळाचा ठोका पडत होता आणि हिराआत्या बिनमाईकची गात होती. तिचा आवाज गोड नाही. चिरका आहे, वाऱ्यातसुद्धा पार किनाऱ्यापर्यंत जाईल असा. बाजूच्या चुलीवर वाटाण्याचं भलंमोठं पातेलं होतं. गाता गाता आत्याने ठोका न चुकवता हाक दिली, "वयनी गो, वाटाना करपला!" आणि लगेच पुढची ओळ उचलली.

बायकांच्या मधोमध, बूट काढून, मांडी घालून तो गिटारवाला करण बसला होता. पुढे त्याचा अल्बम वाजत होता आणि हा त्याच्याकडे पाठ फिरवून इथे!

"अंकल, एक माईक स्टँड मिळेल?" त्याच्या हातात छोटासा रेकॉर्डर होता.

"कशाला?"

"फील्ड रेकॉर्डिंग." म्हणजे स्टुडिओत न जाता, आवाज जिथे असेल तिथे जाऊन टिपायचा.

मी स्टँड दिला. आत्याला माईक देऊ नका एवढंच गिऱ्हाईक म्हणालं होतं, स्टँडचं काही बोललं नव्हतं.

शेवटी नाखवाने हाका मारून बायकांना पुढे आणलं. आत्याने भाच्याच्या गालाला हळद लावली. नवा धवला तिच्या ओठांपर्यंत आलेला मला दिसला. पण तेव्हा सातवं गाणं चालू होतं, तो मुलगा बोंबलत होता, आणि मयूर मला बोटाने खूण करत होता. आवाज वाढवा म्हणून.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पुन्हा समुद्रात गेल्या. एका शनिवारी मयूर धावतच दुकानात आला.

"काका, त्यांचा नवा अल्बम! काल आला." न विचारताच त्याने हेडफोन माझ्या कानांवर चढवले. "चौथं गाणं ऐका. आयुष्य..."

"बदललं. पुढे?"

ठक. ठक. ठक. मुसळ. त्याच्यावर ड्रम चढवलेले, आणि खाली विहिरीतून यावा तसा हिराआत्याचा आवाज. कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोराने ओळखला असता. मयूर माझ्या चेहऱ्याकडे डोळे लावून उभा होता. "आता येईल बघा. आता!"

आणि आलं. वयनी गो, वाटाना करपला.

"ही ओळ!" त्याने हातावरचा काटा दाखवला. "ग्रुपवर कालपासून हीच चर्चा चालू आहे. वाटाणा म्हणजे आपण, काका. सिस्टिमच्या चुलीवर करपलेले. आणि वहिनी म्हणजे..."

"वहिनी म्हणजे तुझी आई."

तो हसला. मग हसायचा थांबला.

"गाणारी तुझी आत्या आहे," मी म्हटलं. "वाटाणा तुझ्या हळदीतला. तो तुझ्या ऑफिसच्या लोकांनी 'स्मोकी फ्लेव्हर' म्हणून दोनदा मागून घेतला."

त्याने हेडफोन घेऊन गाणं पुन्हा ऐकलं. मग पुन्हा ऐकलं. चेहरा उतरला. आता हा काहीतरी माणसासारखं बोलेल म्हणून मी थांबलो. तो म्हणाला, "पण क्रेडिटमध्ये तर नुसतं 'पारंपरिक' लिहिलंय."

"मग नाव घालायला सांग. देव तुझ्या ओळखीचा आहे ना?"

तो मलाही ओढून घरी घेऊन गेला. आत्या ओट्यावर सुपात सुकट निवडत बसली होती. त्याने तिच्या डोक्यावर हेडफोन बसवले. ती तोंड किंचित उघडं ठेवून ऐकत राहिली, मग तिच्या कपाळाला आठी पडली.

"मागं ढोल कोन बडवतंय? गला खाल्ला माझा." मग तिने विचारलं, "ह्यां वाजतंय कुठं?"

"सगळीकडे, आत्या. पुण्यात, बंगलोरला, परदेशातसुद्धा. लोक ऐकून रडतायत."

"बरा." तिने हेडफोन काढून त्याच्या हातात दिले. "तुझे हलदीत तेवढा नाय वाजला."

मयूर तिच्यापुढे उकिडवा बसला. "आत्या, तो नवा धवला म्हण ना. माझ्यासाठी बांधलेला. मी ऐकतो."

"आता कशाला? धवला हलद लावताना म्हनतात रं, सुकट निवडताना नाय." तिने सूप पाखडायला घेतलं. "आनि हलद एकदाच लागते."

पुढे त्याने भांडून अल्बमवर आत्याचं नाव घालून घेतलं, तेवढं श्रेय त्याला देतो. आता तो सगळ्यांना सांगत फिरतो की आमची आत्या पहिल्यापासून इंडीच होती. तो धवला मात्र त्याने अजून ऐकलेला नाही. कोणीच ऐकलेला नाही.

मी हल्ली कुठल्याही हळदीला एक जादा माईक उखळापाशी लावतो. गिऱ्हाइकाला विचारत नाही. विचारलं की ते नको म्हणतात.