सिडरच्या भिंतीवर बाबांचा हात

राई हे आमचं गाव सोडलं त्या दुपारी बाबा माझ्या बॅगेला सुंभ बांधत बसले होते. बॅगेला चेन होती, कुलूप होतं, तरी सुंभ हवाच. टॅक्सीवाला हॉर्न वाजवून कंटाळला. मी रडत होते आणि बाबा तीच गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "जपून ऱ्हा गो."

आता मी नवऱ्यासोबत कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर राहते. घरामागे जुनं फर्निचर दुरुस्त करायचं माझं वर्कशॉप आहे. त्याच्या भिंतींना बाहेरून सिडर नावाच्या लाकडाच्या पातळ फळ्या ठोकल्यात, कौलांसारख्या एकीवर एक. इथे त्यांना शिंगल म्हणतात. तुम्हा राईकरांना सांगायचं तर आपल्याकडे पावसाआधी भिंतींना खालून वर झावळ्या बांधायचे ना, तसंच. फक्त या दरवर्षी बदलाव्या लागत नाहीत. उन्हापावसाने त्या राखाडी होतात. शेजारीण म्हणते, तेच त्यांचं सौंदर्य. त्यांना तेल न देण्याच्या माझ्या आळसाला एवढं छान नाव मिळाल्यावर मी कशाला हलतेय!

आई गेल्यापासून बाबा राईत एकटेच. मी दर रविवारी फोनवर म्हणायचे, इकडे या. "मी तिथं येऊन काय करू? नुसता बसून ऱ्हाऊ?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जन्मभर भातशेती आणि मिठागरात राबलेल्या माणसाला नुसतं बसणं म्हणजे शिक्षाच. एकदा व्हिडिओ कॉलवर त्यांना माझ्या मागची भिंत दिसली.

"भिंत आजारी दिसते गो. तेल न्हाय पाजलंस?"

"मला एकटीला कुठे जमतंय, बाबा!" मी लबाडीने म्हटलं. त्याच आठवड्यात त्यांनी पासपोर्टची चौकशी सुरू केली.

आले ते उन्हाळ्यात, काथ्याचे ब्रश घेऊन. शेवाळ अलगद घासलं, भिंत चांगली सुकू दिली, तडकलेल्या शिंगल बदलल्या आणि मग तेल. फळ्यांच्या कडा जास्त पितात म्हणून तिथे दोन हात. शेजारणीलाही ते खणखणीत मराठीत सूचना द्यायचे आणि ती मान डोलवायची. राखाडी लाकूड मधाच्या रंगाचं झालं. संध्याकाळी अंगाला तेलाचा वास घेऊन बाबा पोटभर जेवायचे. आई गेल्यापासून त्यांना इतकं खूश मी पाहिलं नव्हतं.

तीन भिंती झाल्या, मागची राहिली. परतीला अजून आठवडा होता, तेलही उरलं होतं.

"बाबा, एका दिवसात होईल ही."

त्यांनी डब्याचं झाकण हातोडीने ठोकून घट्ट बसवलं. "ऱ्हाऊ दे ती. पुढल्या साली मला काम नको?"

पूर्वी कुणी घर विचारलं की मी राई म्हणायचे आणि घाईने विषय बदलायचे. आता राईच्या आधी ती राखाडी भिंत डोळ्यांपुढे येते, आणि बरं वाटतं. परवा सुट्टी होती म्हणून नवरा उरलेलं तेल घेऊन मागच्या भिंतीकडे निघाला. मी धावत जाऊन त्याच्या हातातला डबा काढून घेतला.