गिरणीवर लावलेली गाडी

विजेवरची गाडी घेतल्यापासून मी लोकांशी बोलणं सोडून त्यांना प्रवचन द्यायला लागलो होतो. बावधनच्या आमच्या सोसायटीत पेट्रोल भरून आलेल्या शेजाऱ्याकडे मी असा बघायचो, जणू तो गुत्त्यावरून आलाय. सोसायटीत चार्जिंगची सोयच नव्हती, कमिटीची नुसती चर्चा चालू होती, हे मात्र मी प्रवचनात घेत नसे.

त्या दिवशी मुळशीहून आक्काला, माझ्या थोरल्या बहिणीला, आणायचं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तिला चारपर्यंत पुण्याच्या दवाखान्यात दाखल व्हायचं होतं. चुकलं तर पुढची तारीख महिन्यानंतरची. ती एसटीने येते म्हणत होती. मी म्हटलं, "आक्का, दारात एसी गाडी येईल. राणीसारखी बस."

निघतानाच बॅटरी तळाला गेलेली. चांदणी चौकाजवळच्या चार्जरला टॅक्सीवाल्यांची रांग. भुकूमला हॉटेलच्या आवारातला चार्जर मोकळा होता, पण त्याच्यापुढे कुणीतरी डिझेलची जीप लावून जेवायला बसलं होतं. मालक शोधत मी टेबलं फिरलो, तर वेटरने मला बसवून पाणी आणलं. पुढे रिसॉर्टच्या फाटकावर कळलं, चार्जर फक्त मुक्कामी पाहुण्यांसाठी. फोनमधल्या ॲपवर मात्र तिन्ही ठिकाणं हिरवीगार होती. मग एसी बंद करून, घामाने निथळत, मागच्या टेम्पोच्या शिव्या खात मी रांगत निघालो.

पौडच्या पुढे रस्त्याकडेला पिठाची गिरणी दिसली. तिथे थांबलो आणि गिरणीवाल्या बाईंकडे प्लग मागितला.

"दोनी एकदम चालत न्हाईत, फ्यूज उडतुया," त्या म्हणाल्या. "डबं लागल्यात न्हवं? त्यांच्या मागं तुमी."

डब्यांची माणसं आपापल्या घरी होती. गिरणीवर डबाच नंबर धरतो. मी मुकाट्याने पाच डब्यांमागे गाडी लावली. तेवढ्यात एक बाई सहावा डबा घेऊन आल्या, तो माझ्या बंपरला टेकवला आणि निघून गेल्या. मी आक्काला फोन केला.

"व्हय, कळलं," ती म्हणाली. "दोनची एष्टी हाय, तिनं जाते मी. तू ये सावकाश."

मला आधी सुटल्यासारखं वाटलं, मग राग आला, तोही तिचाच.

एसटी आली आणि गिरणीसमोरच्या गतिरोधकावर रेंगाळली. आक्का खिडकीतच होती, चार हातांवर. मी हात हलवला, हाक मारली. गिरणीच्या घरघरीत ती मलाच ऐकू आली नाही. आक्काचं तोंड माझ्याकडेच होतं. माझ्यावरून, गाडीवरून, डब्यांवरून तिची नजर सारखीच सरकली आणि एसटी पुढे गेली.

वर्षभर ती सांगत होती, नीट दिसत न्हाई. आणि मी दोनदा तिची तारीख पुढे ढकलली होती, का, तर सोसायटीत चार्जिंग होऊ दे, मग आपल्या गाडीतूनच नेतो. माझी मलाच लाज वाटली.

किल्ली बाईंकडे देऊन मी मिळेल त्या जीपमध्ये स्वतःला कोंबून घेतलं आणि दवाखाना गाठला. आक्का वेळेत पोचून खाटेवर बसली होती.

"कंडक्टरनं रस्ता वलांडून दिला," ती म्हणाली. "तुजी गाडी कुटं दिसली न्हाई रं वाटंत."

"लांब होतो," मी म्हणालो.