जाळ्याखालची गल्ली

समोरचे चाचा गुरुवारी वारले. शुक्रवारी त्यांच्या मुलाने गल्लीतलं जाळं उतरवलं.

ते जाळं आमच्या डोक्यावर कितीतरी वर्षं होतं. एक टोक चाचांच्या खिडकीच्या गजाला, दुसरं माझ्या फाटकाच्या कडीला. मधे स्टुलावर बसून चाचा फाटलेलं जाळं विणत. गुडघे गेल्यावर किनाऱ्यापर्यंत चालणं होईना. "माका थंय जावक जमणा नाय, म्हणान दर्या हंय हाडलंय," म्हणायचे; म्हणजे समुद्रच गल्लीत आणला.

येणाऱ्याजाणाऱ्याला वाकावंच लागे. मी शाळेतून आलो की सुई न थांबवता म्हणायचे, "वाका मास्तर. तुमची शाळा थंय. हंय माझी."

एकदा निवडणुकीतले उमेदवार हार घालून आले आणि हारासकट जाळ्यात अडकले. सोडवता सोडवता चाचा म्हणाले, "मत मागूक इलास मा? मगे वाकाक व्हया!"

गल्लीचं नाव कोणी ठेवलं नाही. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना आम्ही 'जाळ्याखालची गल्ली' म्हणू लागलो, एवढंच. कागदोपत्री ती बिननावाचीच होती.

चाचा गेल्यावर नगरपालिकेने गल्ल्यांना पाट्या लावायचं काढलं. नाव नसलेल्या गल्लीला नवं नाव मिळणार होतं. मला झोप लागेना. जाळं उतरलंच होतं. आता नावही गेलं की चाचा इथे बसत याची खूण काय?

नगरपालिकेचे साहेब पाहणीला आले तेव्हा मी चार वाक्यं मनात जुळवून फाटकाशी उभा होतो. तेवढ्यात कोपऱ्यावरून मासेवाली आली. डोक्यावरच्या टोपलीला हात लावून ती गुडघ्यात वाकली, रिकाम्या हवेखालून गेली आणि पुन्हा ताठ झाली. तिच्यामागून सायकलवाला मान खाली घालून गेला. साहेबही चार पावलं पुढे आले आणि तिथेच वाकले.

मग वर बघून चमकले. "इथे काय आहे?"

मासेवाली हसली. "काय नाय. चाचाचां जाळां."

"आणि गल्लीचं नाव?"

"तांच सांगतंय मा!"

माझी चार वाक्यं तशीच राहिली. साहेबांनी मान डोलावली, पण पाटी येईपर्यंत माझा जीव टांगणीला होता. ती आली, तिच्यावर आमचंच नाव होतं. मी ते दोनदा वाचलं आणि आत जाऊन चहा टाकला. त्या रात्री गाढ झोपलो.

तुम्ही कधी मालवणला आलात तर बघा. चाचा नाहीत, जाळंही नाही. माझ्या फाटकाला कडी आहे, आणि तिथे आलो की आम्ही वाकतो.