नवी सिस्टीम आणि आप्पांच्या जुन्या लग्नपत्रिका

प्रिंटिंग प्रेसमध्ये दोन गोष्टी साचतात. कागदाची कातरण आणि किस्से. कातरण रद्दीवाला घेऊन जातो, किस्से कोण नेणार? आमच्या निपाणीच्या प्रेसमध्ये तर कॉम्प्युटरची नवी सिस्टीम येणार म्हटल्यापासून किश्शांना ऊत आलाय. हसू मात्र कुणालाच येत नाही.

*

प्रेस आप्पांची. टायपिंगला मी आणि शकुआक्का. बेळगावहून येणारा इंजिनिअर बसवराज एक दिवस नव्या सिस्टीमचं कौतुक सांगत बसला. "आप्पा, लई फास्ट! दिसायलाबी एकदम छान!"

"आणि आमचे फॉन्ट?"

"ते जुन्या सॉफ्टवेअरचे. ते चालणार न्हाईत."

"मग छान काय दिसणार रं? मोकळा पडदा?"

*

त्या फॉन्टमध्ये आमच्या सगळ्या लग्नपत्रिका आहेत. आमच्याकडं धाकट्याच्या लग्नाला थोरल्याचीच पत्रिका काढून नवरा-नवरीची नावं तेवढी बदलायची रीत. कुठल्या चुलत्याचं नाव वर, कुठल्या मामाचं खाली, हे एकदा भांडून ठरलेलं असतं! परत कोण भांडणार? म्हणून तर लोक आमच्याकडं येतात. पत्रिका गेल्या की प्रेस गेली, हे आम्हा तिघांनाही कळतं.

"मराठी जाऊ दे, पत्रिकेच्या मागची कन्नड बाजू तरी ऱ्हाईल का?" आप्पांनी विचारलं.

"दोन्ही जाणार," बसवराज म्हणाला.

"चला! सीमाभागात एवढं तरी दोघांना सारखं मिळालं!"

*

मग आप्पांनी इंटरनेटची वायरच उपटली. वायर नाही तर अपग्रेड येणार कुठून! आलेल्या गिऱ्हाइकाला सांगायचे, "मोबाईलवर नको, मजकूर कागदावर लिहून आणा." कंग्राळीचं एक गिऱ्हाईक तर वैतागून दुसऱ्या प्रेसला गेलं.

तरी एका सकाळी मशीन चालू केलं आणि पडद्यावर आलं, अपग्रेड तयार आहे!

"वायर काढल्यावर ह्यो आला कुठनं?"

"आप्पा, तो आधीच आत येऊन बसलाय," मी म्हणालो.

त्या दिवशी आप्पा जेवायला घरी गेले नाहीत.

*

शेवटी चाचणी म्हणून आक्काच्या मशीनवर नवी सिस्टीम टाकली. पहिलीच पत्रिका उघडली तर सगळीकडं चौकोन आणि कसल्या तरी खुणा. बसवराज म्हणाला, "नव्या फॉन्टमध्ये परत टाईप करा सगळं."

"म्हंजे सगळी लग्नं परत लावायची व्हय?" आक्का ओरडली, आणि मग डोळ्याला पदर लावून बसली.

*

परवा चिकोडीचे एक अण्णा आले. धाकट्या पोराचं लग्न. "थोरल्याचीच पत्रिका काढा."

आक्कानं सवयीनं आपल्या मशीनवर उघडली. सगळे चौकोन! मी घाईनं म्हणालो, "थांबा अण्णा, माझ्या मशीनवर जुनीच सिस्टीम आहे. तिथं नीट दिसंल."

अण्णांनी माझा हात धरला आणि वरच्या एका ओळीवर बोट ठेवलं.

"हितं आमच्या मंडळींचं नाव हुतं. सौ. घालून. थोरल्याच्या लग्नात हुती ती. आता कै. घालावं लागंल."

अण्णा त्या ओळीकडं बघत राहिले.

"ह्या असल्या खुणांत कळतंय का, माणूस हाय का गेलंय?"

"न्हाय, अण्णा," आप्पा म्हणाले.

"मग एवढी एक ओळ अशीच छापा."